जळक्या तेलाचं मैदान

दिवाळी अंकासाठी नोकरीवर काहीतरी लिहा, असं संपादकांनी फोनवर सांगितलं. मी म्हटलं, मी गोल्फचं मैदान सांभाळत होतो. मग त्यांनी जपून विचारलं, "बीड जिल्ह्यात?" हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात इतक्यांदा विचारला गेलाय, की विचारणाऱ्याच्या आवाजावरनंच मला त्याच्या चेहऱ्यावरचं हसू दिसतं. टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या मुलखात गोल्फ म्हटलं की माणसाला वाटतं, हा आपली फिरकी घेतोय.

म्हणून आधीच सांगून टाकतो. आमच्या मैदानावर गवताची काडी नव्हती.

मी एका सहकारी साखर कारखान्यात बाग मुकादम होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. आता तिथं धुराडं तेवढं उरलंय, आणि नाव काढलं की जुने संचालक अजून एकमेकांच्या अंगावर जातात. बाग मुकादमाचं काम म्हणजे गेस्ट हाऊससमोरची जास्वंद आणि चेअरमनच्या केबिनबाहेरच्या कुंड्या. एका दुष्काळात जास्वंद गेली, पुढच्यात कुंड्या गेल्या, आणि मी बाग नसलेला बाग मुकादम उरलो. ऊसच नव्हता, त्यामुळं गाळप सुरू झालं की लगेच बंद पडायचं. वर्कशॉपातली माणसं तीच ती यंत्रं पुसत दिवस ढकलायची.

अशा वेळी भोसलेसाहेब चीफ इंजिनिअर म्हणून आले. लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, ताठ, आणि एक गुडघा कायमचा रुसलेला. त्यांनी राखेच्या ढिगामागचा कारखान्याचा उजाड माळ बघितला आणि मला म्हणाले, "बन्सीधर, इथं गोल्फ होईल."

मी म्हणालो, "साहेब, हितं कुसळबी होत न्हाई."

"म्हणूनच होईल," ते म्हणाले.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काठीनं चेंडू मारत मारत लांबच्या एका भोकात घालायचा. कमी फटक्यांत घालील तो हुशार. भोकाला होल म्हणतात, आणि सुरुवातीपासून भोकापर्यंतच्या सगळ्या पट्ट्यालाही होलच म्हणतात. भोकाभोवतीची जागा गुळगुळीत लागते, कारण तिथं चेंडू उडवायचा नसतो, हळूच ढकलायचा असतो. पैशाच्या मैदानावर तिथं सतरंजीसारखं कापलेलं गवत असतं. त्याला ग्रीन म्हणतात. वाळवंटातल्या छावण्यांत गवत कुठून आणणार? तिथले फौजी वाळूत जळकं तेल कालवून ती जागा करतात. त्याला म्हणायचं ब्राउन. आमची सगळी ब्राउनंच.

हे ब्राउन करणं हीच माझी विद्या. नदीची वाळू चाळायची, मिलच्या गिअरबॉक्समधलं आणि ट्रॅक्टरचं काढून टाकलेलं तेल तिच्यात मुरवायचं, वरनं रोलर फिरवायचा. तेल कमी पडलं तर वाऱ्यानं वाळू उडून संचालकांच्या बंगल्यात जाते. जास्त झालं तर चेंडू गाभण म्हशीगत जागच्या जागी बसतो. मूठभर वाळू दाबून बघायची. लाडू वळला पाहिजे, पण हाताला तेल लागता कामा नये. प्रत्येक ब्राउनजवळ गोणपाट गुंडाळलेली एक फळी असायची. चेंडू ढकलण्याआधी त्या फळीनं चेंडूपासून भोकापर्यंतची वाळू ओढून सारखी करायची, हा ब्राउनचा रिवाज. एकदा फळी फिरली की चेंडू पाटातल्या पाण्यासारखा नाकासमोर जातो. बाकीच्या माळावर दगडगोटे. म्हणून आम्ही सगळे उसाचं चिपाड वाहणाऱ्या पट्ट्याचा, म्हणजे जुन्या रबरी बेल्टचा, तुकडा बरोबर बाळगायचो. चेंडू जिथं पडेल तिथं तो तुकडा टाकायचा, वर चेंडू ठेवायचा, आणि हाणायचा.

वार्षिक सर्वसाधारण सभेत यावर गोंधळ झालाच. शेंडी असल्यासारखा पटक्याचा शेव मागं सोडलेले गणपतअण्णा उभे राहिले. कोरडवाहू शेतकरी, कारखान्याचे पहिल्या दिवसापासूनचे सभासद, आणि प्रत्येक विषयाला विरोध करण्यासाठी प्रसिद्ध. ते ओरडले, "ह्यो टिपरं खेळायचा नाद कुणाचा हाय? जमीन सभासदाची हाय का सायबाची?"

चेअरमन मुरलेले होते. ते म्हणाले, "जमीन सभासदाची, तर मैदानबी सभासदाचं. ज्याला खेळायचं त्यानं खेळावं. ठराव मंजूर."

अशा रीतीनं आमचं मैदान सार्वजनिक झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा हजर. धोतर, पायात करकर वाजणारं पायताण. मला म्हणाले, "बन्सी, माझा वाटा दाव." मी काठी दिली. पहिले कितीतरी वार हवेतच गेले. मग एक बसला, आणि चेंडू राखेच्या ढिगावरून पार गेला. अण्णा बराच वेळ तिकडंच बघत उभे राहिले. त्यानंतर पुढची कैक वर्षं अण्णा बाजारच्या दिवशी आले नाहीत, असं झालं नाही.

गिऱ्हाइकं एकेक यायची. एका बँकेचे साहेब कारखान्याची पाहणी करायला आले. त्यांनी पहिलाच फटका मळीच्या हौदात घातला. मळीत पडलेली वस्तू वर येत नसते, पण साहेब काठावर ओणवे होऊन वाट बघत बसले. एक पुढारी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आले. चेंडू कुठंही गेला तरी मागची माणसं टाळ्या वाजवायची. ब्राउनवर त्यांनी काठी जोरात मारली आणि तेलकट वाळू छातीभर उडाली. जळक्या तेलाचा डाग कशानंच जात नाही. त्यानंतर पुढाऱ्यांचा त्रास संपला. माझ्या कपड्यांना तर त्याच तेलाचा कायमचा वास. आमच्या घरातली, सुभद्रा, म्हणायची, "लोकाचा नवरा घामाजतो, माझा वंगाळतो."

आणि मला काय पाहिजे होतं, ते सांगतो. मला गवत पाहिजे होतं. हसू नका. भोसलेसाहेब संध्याकाळी खुर्ची टाकून मोठ्या मैदानांच्या गोष्टी सांगायचे. तिथं चेंडूचा आवाज कसा येत नाही, पाय कसा रुततो, सकाळी कापलेल्या ग्रीनचा वास कसा असतो. वाळूशी जन्म काढणारा मी. त्या वासासाठी माझा जीव अक्षरशः तुटायचा. एकदा, फक्त एकदा, खऱ्या मैदानावर पहिल्या होलपासून शेवटच्यापर्यंत खेळायचं, एवढंच माझं मागणं होतं.

मग तो मोठा दुष्काळ आला. कारखान्यानं जनावरांची छावणी काढायची ठरवलं, आणि सपाट जागा होती एकच. माझ्या मैदानावर दावणी ठोकल्या गेल्या. लिंबागणेशच्या बाजूपर्यंतची जनावरं आली. बायाबापड्या, पेंडीच्या गाड्या, पाण्याचे टँकर, शेणाचे ढीग. कुठल्या ब्राउनवर कुणाची म्हैस बांधलीय हे मलाच ठाऊक असायचं, म्हणून छावणीचा कारभार माझ्याकडंच आला. सुभद्राही तिथंच राबायची, आमच्या दोन गाईंबरोबर दुसऱ्यांच्याही बघायची.

त्याच दिवसांत साहेबांच्या फौजेतल्या दोस्ताचं बोलावणं आलं. तो डोंगराकडच्या एका शहरातल्या फार मोठ्या मैदानाचा व्यवस्थापक होता. देशातले नावाजलेले खेळाडू तिथं स्पर्धेला यायचे, पण मैदान सार्वजनिक. फी भरली की कुणीही खेळावं. तो म्हणाला होता, तुझी वाळवंटातली माणसं आण, एक दिवस माझे पाहुणे. साहेबांना त्या शहरात पंपाचा सुटा भाग आणायचाच होता. मला जीपमध्ये बस म्हणाले. अण्णांना कुठून वास लागला कोण जाणे. गाडीत आधीच बसलेले. "म्या सभासद हाय," एवढंच म्हणाले.

आम्ही सकाळी पोचलो. जीपमधून उतरून मी चार पावलं टाकली आणि खाली बघितलं. माझे बूट ओले झाले होते. पाऊस नाही, कुठला नळ फुटलेला नाही, आणि बूट ओले. दव. दव धरायला गवत लागतं, हे मी विसरून गेलो होतो. समोर गवत चढावरून वर जात होतं, उतारावरून खाली येत होतं, मध्ये तळं, तळ्यावर बगळे. साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि मुद्दाम दुसरीकडं गेले.

अण्णा मात्र व्यवहाराचे. त्यांनी फवारे बघितले आणि तिथल्या मैदानप्रमुखांना विचारलं, "ह्ये पानी कुठलं?" मैदानप्रमुख होते अय्यप्पा, दक्षिणेकडचे, काळेसावळे, डोक्यावर टोपी. त्यांनी त्यांच्या हिंदीत सांगितलं की शहराचं सांडपाणी शुद्ध करून इथं वापरतात.

"मोरीचं पानी?" अण्णा माझ्याकडं वळले. "आपल्याला तर तेबी न्हाई बे."

पहिला होल. सवयीनं मी खिशातून बेल्टचा तुकडा काढून गवतावर टाकला. अय्यप्पा हसले, म्हणाले, तो ठेवा, गवतावरनंच मारा. मी मारला. चेंडू गेला, पण त्याबरोबर भाकरीएवढी गवताची खपली उडाली आणि माझ्यापुढं उलटी पडली. खाली पांढरी मुळं.

"आरं, ह्ये काय केलंस!" अण्णा कळवळले. "उपटलंस की!"

अय्यप्पा म्हणाले, असं होतंच, ती उचलून जागेवर बसवा, पायानं दाबा, पुन्हा धरते. मी गुडघ्यावर बसलो. खपली बसवली, बोटांनी कडा मिटवल्या, तळहातानं थापली. पुढंही प्रत्येक वेळी तेच. साहेबांचा दोस्त म्हणाला, असं केलंत तर अंधार पडेल. पण माझ्यानं होईना. शेवटी मी चेंडूच्या डोक्यावर हलकं मारू लागलो, म्हणजे गवताला इजा नको. चेंडू सरपटत जायचा. आमच्या माळावर साहेबांच्या बरोबरीनं खेळणारा मी, तिथं नवशिक्यासारखा खेळत होतो.

ग्रीनवर तर कहर. हिरवं, बारीक, पायाखाली काही आहे की नाही असं. मी चेंडूपाशी उभा राहून इकडंतिकडं बघू लागलो. साहेबांनी विचारलं, "काय शोधतोस?" मी म्हणालो, "फळी." ते हसेपर्यंत अण्णांनी डोक्याचा पटका सोडला, चेंडूपासून भोकापर्यंत अंथरून ओढत नेला आणि म्हणाले, "घे, केलं सारकं." ग्रीनवर चेंडूच्या वाटेला हात लावायचा नसतो. साहेबांचा दोस्त तोंडावर रुमाल धरून मागं वळला. मी नाकासमोर ढकलला. चेंडू निम्म्यात गेला आणि वळला. मी आयुष्यात चेंडू वळताना पाहिला नव्हता. आमच्या वाळूवर चेंडू आम्ही आखू तसा जायचा. इथं जमिनीचं स्वतःचं म्हणणं होतं. दिसणार नाही असा उतार, आणि चेंडूला तो कळतो. मी परत ढकलला, परत वळला. मला राग यायला हवा होता. मला इतका आनंद झाला, की मी तिथंच मोठ्यानं हसलो.

एकाच ठिकाणी माझी पत राहिली. मैदानात मुद्दाम खड्डे करून वाळू भरलेली असते, त्याला बंकर म्हणतात. बडे बडे खेळाडू त्याला भितात. माझा चेंडू त्यात गेला तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं. बेतानं वाळू उडवून मी चेंडू भोकाजवळ नेला. अण्णा म्हणाले, "तेवढं वाळूतच हान गड्या." बाहेर येताना मी दाताळं घेऊन बंकर सारखा केला, सवयीनं, काठापासून मध्यापर्यंत, माझी पावलंही दिसू नयेत असा. अय्यप्पा काठावर थांबून बघत होते. पुढच्या बंकरलाही ते थांबले.

ऊन वर चढलं, तळ्याजवळच्या होलवर बगळ्यांनी आम्हाला जागा दिली, अण्णांनी पायताण काढून हातात घेतलं आणि अनवाणी चालू लागले. शेवटचे काही होल आमच्या वाट्याला आलेच नाहीत. सुट्या भागाचं दुकान बंद होण्याआधी साहेबांना निघायचं होतं. निघताना अय्यप्पांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "माझ्याकडं ये. राहायला खोली आहे. गवत मी शिकवतो, वाळूचं तुला येतंच. विचार कर आणि कळव."

बीड जवळ आल्यावर साहेब म्हणाले, "जा तू. इथं काय आहे?" अण्णा खिडकीबाहेर बघत होते. एवढंच म्हणाले, "छावनीत आमची बैलं हायती. तू गेलास तर दुसऱ्या कुनाला बी सांबाळनं जमायचं न्हाई." मग थोड्या वेळानं, "पन तू जा."

घरी सुभद्राला सगळं सांगितलं. दव, तळं, वळणारा चेंडू. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "रोज कापत्यात?"

"रोज. सकाळी."

"आन कापल्यालं काय करत्यात?"

"ट्रॉलीत भरून टाकतात कुठंतरी."

"टाकत्यात?" तिनं हातातलं काम थांबवलं. बाहेर छावणीतली जनावरं उसाच्या वाळक्या वाढ्यांवर तोंड मारत होती, त्यांचा आवाज घरात येत होता. ती म्हणाली, "तुमाला जायचं तर जावा. माज्यानं रोज ती ट्रॉली बघवायची न्हाई."

मी छावणी उठेपर्यंत थांबायचं ठरवलं. कुणी अडवलं नव्हतं. दावणीला बांधलेली इतकी जनावरं सोडून गवत बघायला जायला माझा पाय निघेना, एवढंच. छावणी उठली तेव्हा साहेबांनी फोन लावला. अय्यप्पांनी दुसरा माणूस घेतला होता. त्यांनी मला वाईट वाटू नये म्हणून फोनवर बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी केल्या. मला वाईट वाटलं. आजही वाटतं. सकाळी उठून अंगणात आलो की मी खाली बघतो, पाय ओले झालेत का. होत नाहीत.

त्या वर्षी पाऊस उशिरा झाला आणि बेताचाच झाला. रानं नुकती पेरलेली, माळ तसेच बोडके. पण छावणी उठलेल्या जागेवर जनावरांनी सगळा हंगाम शेण तुडवलं होतं, पेंड्यांतलं बी सांडलं होतं. पोळ्याच्या आधी एके सकाळी साहेबांनी मला हाक मारली. मी राखेच्या ढिगामागं गेलो आणि थांबलो. सगळं मैदान हिरवं झालं होतं. खरं गवत, पोटरीएवढं. कुठं दाट, कुठं विरळ, ब्राउनच्या जागा तेवढ्या काळ्या ठिपक्यांसारख्या. साहेब म्हणाले, "बन्सीधर, हे कापून घेऊ. सुरुवातीपासून भोकापर्यंत हिरवा फेअरवे होईल."

मी रात्रभर मनात आखणी केली. कुठं किती कापायचं, रोलर कधी फिरवायचा.

पण सहकारी कारखान्यात कशालाच एक मालक नसतो. संचालकांनी सभासदांची बैठक बोलावली. आजूबाजूच्या गावांत चारा अजून हाताशी आला नव्हता. बोलायला गणपतअण्णाच उठले. "जमीन सभासदाची, तर गवतबी सभासदाचं. वाटून द्या." ठराव मंजूर. मी मागच्या बाकावर बसलो होतो. अण्णांनी माझ्याकडं बघितलंही नाही. खाली बसता बसता मात्र पुन्हा उठले. "एक उपसूचना. बन्सी खेळल्याबगर कुनी इळा लावायचा न्हाई." संचालक एकमेकांकडं बघू लागले. इतिवृत्तात हे कसं लिहायचं, असं कुणीतरी विचारलं. अण्णा म्हणाले, "लिवा नायतर नगा लिवू."

दुसऱ्या दिवशी बाया विळे, दोऱ्या घेऊन बांधावर आल्या. सुभद्राही होती. मी काठी घेऊन पहिल्या होलवर उभा राहिलो. इतक्या बायका बघत असताना मला आपल्या हाताचं काय करावं ते कळेना. एकीनं सांगितलं, "मारा भाऊ, आमी बसतो." मी मारला. एकटाच खेळलो, साहेब आणि अण्णा बांधावरनं चालले. गवत उंच होतं, चेंडू सापडायचा नाही, मी पायानं बाजूला करत शोधायचो, आणि मला कसलीच घाई नव्हती. मी पुढं गेलो की मागं विळे सुरू व्हायचे. मागं वळून बघितलं तेव्हा पहिला होल पिवळा पडला होता, पेंढ्या बांधून ओळीनं ठेवल्या होत्या. मग मी मागं बघायचं सोडलं.

आमच्याकडं होलच सहा. पाच संपले. सहाव्यावर गवत सगळ्यांत दाट होतं, कारण तिथं पाण्याचा हौद असायचा. मी चेंडू ठेवला आणि उभा राहिलो. काठी उचलायची, तर हात उचलेना. मागं विळ्यांचा आवाज थांबला. बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या.

सुभद्रा पुढं आली. "मारा की आता. जनावरं वाट बगत्यात."

मी म्हणालो, "थांब जरा."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. विळा खाली ठेवला आणि तिथंच गवतात बसली. तिचं बघून बाकीच्याही बसल्या. अण्णा बांधावर बसले. कुणी घाई केली नाही. वारा आला की गवत एका अंगाला जायचं आणि परत उभं राहायचं. मी पोटभर बघून घेतलं.

मग मी वाकलो, चेंडू उचलून खिशात टाकला आणि तिला म्हणालो, "लाव विळा."

तो होल माझा खेळायचा राहिला आहे.